सुनेल्याचा उखाणा

एका राज्यात राजाला दोन राण्या होत्या, एक भिंतीवर आणि एक घरात. भिंतीवरची थोरली, हेमकला. तिला जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण चित्रात ती अजून नवी नवरी होती आणि तिच्या कंठ्यात मधाच्या रंगाचा एक टपोरा खडा होता. घरातली धाकटी, रेणुमती. ती जिवंत असल्यामुळे तिच्यात दोष दिसत. चित्रातल्या बाईला कोण काय बोलणार?

राजाचे नाव अरिध्वज. राज्य लहान, शेजारी बलाढ्य, पण रीतीभाती मोठ्या. त्यातली एक रीत अशी, की नवरी जसे उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते, तसे तिथे दागिन्याचेही नाव घेत. गळ्यात पाचू पडला की पाचूचे, मोती पडला की मोत्याचे. नाव घेतल्यावाचून खडा लाभत नाही, असे लोक मानत. हेमकलेने लग्नमंडपात घेतलेले नाव तर पोराबाळांनाही पाठ होते:

चांदीच्या ताटात चंदनाची वाटी,
पुष्कराज रत्न आलं माझ्या कंठी.

पुष्कराज म्हणजे पिवळ्या रत्नांचा राजा. "आमच्या राणीच्या गळ्यात पुष्कराज होता," हे सांगताना त्या राज्यात भिकाऱ्याचीही मान ताठ होई. पोटात अन्न नसले तरी चालेल, पण राणीच्या गळ्यात पुष्कराज हवा. माणसे अशीच असतात, त्याला काय करायचे?

हेमकलेची लेक चारुमती. आई गेली तेव्हा ती रांगत होती. तिला न्हाऊमाखू घातले, तापात उशाशी बसून रात्री काढल्या, ते रेणुमतीने. दासींनी पोरीला शिकवले, "ही तुझी धाकटी आई," म्हणून पोर तशीच हाक मारी. त्या हाकेतले 'धाकटी' रेणुमतीला टोचे. ती कधी बोलली नाही, पण टोचे.

चारुमती कंठा पेलण्याएवढी झाली तेव्हा राजाने सोहळा केला. सकाळी रेणुमती तिची वेणी घालीत होती. ती अर्धी झाली तोच चौघडा वाजला, आणि पोर तशीच धावली. दरबारात रेणुमतीने आपल्या हातांनी कंठ्याचा फासा बांधला. चारुमतीने चित्राकडे पाहिले आणि आईचा उखाणा आईच्याच शब्दांत म्हटला.

'कंठी' हा शब्द तोंडातून सुटला आणि खड्याची राख झाली. चारुमतीने खाली पाहिले. तिच्या पायांची बोटे जांभळ्या स्फटिकाची झाली होती. दरबार उठायच्या आत घोटे झाले.

"सावत्रपणा शेवटी बाहेर आला," कोणीतरी हळूच म्हणाले. फासा कोणी बांधला, हे सगळ्यांनी पाहिले होते. हळू बोललेले तर दरबारात सगळ्यांना ऐकू जाते.

राजगुरूंनी परातीत पाणी घेऊन मंत्र म्हटला. पाणी बोलले. ते एकदाच बोलते आणि अर्थ सांगत बसत नाही. पाणी म्हणाले, "खडा खरा हवा, हात आईचा हवा, नाव खरं हवं. तेव्हा शाप उतरेल. आणायचा तो खड्यांच्या डोंगरातून."

"खरा खडा म्हणजे पुष्कराज," राजगुरू म्हणाले. "अर्थ उघड आहे."

"आणि आईचा हात?" प्रधानाने विचारले. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले.

"मी जाते," रेणुमती म्हणाली.

राजा तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पुष्कराजाशिवाय परत आलात, तर पोरीवर करणी तुमचीच, असं मानावं लागेल. करणीला शिक्षा एकच आहे, राणी."

"ठाऊक आहे, महाराज."

निघताना ती चारुमतीजवळ गेली. स्फटिक गुडघ्यांपाशी आला होता. पोर रडत नव्हती. तिच्या खांद्यावर अर्धी वेणी लोंबत होती, आणि दासीने हात लावला की ती मान झटके.

"धाकटी आई, वेणी राहिली."

"आल्यावर घालते."

"लवकर ये. हे वर चढतंय."

रेणुमती निघाली. माळ संपला, रान संपले, पुढे नुसता खडक लागला. तिथे गवत नव्हते, पण एका वठलेल्या कवठाच्या झाडावर हळद्या बसला होता. हळद्या म्हणजे तो पिवळाजर्द पक्षी, डोळ्यांत काजळ घातलेला. त्याला बोलता येत होते.

"राणी, पाय दुखतात का?"

"दुखतात."

"मग बस."

"बसले तर पोर दगड होईल."

"मग बोलू नकोस, चाल," हळद्या म्हणाला आणि तिच्या पुढे पुढे उडू लागला. असा सोबती मिळाला म्हणजे वाट लवकर सरते, कारण निम्मा वेळ रागातच जातो.

खड्यांच्या डोंगराला दार होते आणि दाराला तोंड होते. दाराने विचारले, "कोण?"

रेणुमती क्षणभर थबकली. पाण्याने हात आईचा मागितला होता. धाकटी म्हणावे, तर दार कशाला उघडेल?

"चारुमतीची आई," ती म्हणाली.

दार उघडले. त्याच वेळी तिच्या डाव्या हाताची करंगळी जांभळ्या स्फटिकाची झाली. दुखले मुळीच नाही. दुखले असते तर ती इतकी घाबरली नसती.

"उत्तर चुकलं," हळद्या म्हणाला.

"दार तर उघडलं."

"दार सगळ्यांनाच उघडतं, राणी. परत येताना काय शिल्लक राहतं, ते बघायचं."

आत शापित धनाचा ढीग होता, आणि त्यावर एक म्हातारा नाग वेटोळे घालून बसला होता. ढिगात हात घालून काही उचलावे अशी इच्छा व्हावी, इतके ते चमचमत होते. ढिगाभोवती जांभळ्या स्फटिकाची माणसे उभी होती, हात पुढे केलेली. ती इच्छा त्यांना झाली होती.

"काय हवं?" नागाने विचारले.

"आमच्या थोरल्या राणीच्या कंठ्यात होता, तसा पुष्कराज."

रेणुमतीची अनामिका गार पडली. तिने हाताकडे पाहिले. करंगळीशेजारचे तेही बोट गेले होते. आता तिला सगळे कळले. खोट्याला इथे बोटाने किंमत मोजावी लागत होती, आणि ते खोटे नकळत बोललेले असले तरी डोंगर माफ करीत नव्हता. चुकीच्या नावापायी गेलेले बोट नेमके अनामिका निघावे, याचे तिला त्याही वेळी कडू हसू आले.

"तुमच्या राणीच्या गळ्यात पुष्कराज कधी नव्हताच," नाग म्हणाला. "तो सुनेला होता."

सुनेला रेणुमतीला ठाऊक होता. पिवळा स्फटिक तो. जव्हेरी त्याला उपरत्न म्हणतात आणि पुष्कराज परवडत नाही त्याला दाखवतात.

नाग सांगू लागला. "तुमचा राजा लग्नाआधी इथे आला होता. वधूपित्यानं पुष्कराजाचा हट्ट धरला होता, आणि राजाजवळ पुष्कराज नव्हता. या डोंगराच्या पोटात यक्षीण राहते. तिनं त्याची दया येऊन आपला लाडका सुनेला त्याला दिला. मोबदला मागितला नाही. एवढंच म्हणाली, याला याच्याच नावानं मिरव. राजानं मान हलवली आणि मंडपात नवरीच्या कानात सांगितलं, पुष्कराज म्हण. बिचारीला काय ठाऊक? तिनं म्हटलं."

"आणि शाप?"

"यक्षीण त्याला म्हणाली, माझ्या लेकराला तू दुसऱ्याचं नाव लावलंस. तुझं लेकरू ज्या दिवशी त्याच खोट्या नावानं खडा लेईल, त्या दिवशी ते दगडात जाईल."

म्हणजे राजाला सगळे ठाऊक होते. ठाऊक असून त्याने सोहळा केला, कारण खोटे फार वर्षे चालले की माणूस त्यालाच रीत समजू लागतो. रेणुमतीला संताप आला, पण संतापायला सवड नव्हती.

नागाने फणा हलवला. फण्याखालून एक खडा घरंगळत तिच्या पायाशी आला. पिवळा, गार, स्थिर. डोळ्याला डोळा देणारा.

"हा पुष्कराज. घेऊन जा. तुझ्या दरबाराला हाच हवा आहे. पण डोंगराबाहेर एकच खडा नेता येतो."

तिने तो उचलला. इतके देखणे रत्न तिने आयुष्यात पाहिले नव्हते. हे नेले तर राजगुरू खूश, प्रधान खूश, आणि आपली मान धडावर. पुढे गेले तर हाती लागणार उपरत्न, आणि दरबारात मारेकरी उभा.

"नागराज, यातला खरा कोणता?"

"दोन्ही खरे. खोटं असतं ते माणसाच्या तोंडात."

तिने हळद्याकडे पाहिले. हळद्या पंख साफ करू लागला. "मला विचारू नकोस. मी पाखरू आहे."

रेणुमती खडा हातात धरून बसली. तिला दारातले आपले उत्तर आठवले. चारुमतीची आई. किती वर्षे ते नाव आपल्याला हवे होते, आणि ते तोंडात येताच एक बोट गेले. मुलीने मारलेली हाक मात्र तिला कधी बाधली नव्हती. ती नुसतीच टोचत होती, आणि टोचत का होती, तर दुसरीचे नाव आपल्याला हवे होते म्हणून. राजाला दुसरे काय हवे होते? तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पुष्कराज अलगद नागापुढे ठेवला. "रत्न फार चांगलं आहे," ती म्हणाली. "पण अपमान झाला तो याचा नाही."

नाग बाजूला सरला. मागे वाट होती.

डोंगराच्या पोटात आग होती आणि आगीपाशी यक्षीण बसली होती, भाकरी टाकायला बसावे तशी. तिने वर पाहिले नाही.

"सुनेले संपले," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी भाजणं सोडलं. हवा असेल तर तू भाज."

तिने एक जांभळा स्फटिक पुढे टाकला. "सुनेला आधी असा जांभळा असतो. आच लागली की पिवळा होतो. लवकर काढलास तर जांभळाच राहील, जास्त धरलास तर पांढरा पडेल आणि कुणाच्याच कामाचा उरणार नाही. दुसरा मी देणार नाही. आणि चिमटा नाही, हातानं धरायचा."

रेणुमतीने तो आपल्या दोन दगडी बोटांत धरला आणि हात आगीत घातला. बोटांना काही वाटले नाही. पण आच बोटांतून तळहातात चढली, तळहातातून मनगटात, आणि तिथे रक्तमांस होते. तिने दात आवळले. खडा जांभळाच होता.

"तू कोण?" यक्षिणीने विचारले.

डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने खड्यावरची नजर काढली नाही.

"धाकटी आई."

"कुणाची?"

"चारुमतीची. मी तिला जन्म दिला नाही. मी तिची वेणी घालते."

खड्याच्या पोटात एक पिवळा ठिपका उमटला. तो पसरला. हळदीचा झाला, मधाचा झाला, आणि कडेला पांढुरकी झाक दिसते न दिसते तोच तिने हात ओढून घेतला. खडा सुनेला झाला होता. त्याला धरणारी दोन बोटेही सुनेल्याची झाली होती.

यक्षिणीने आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "लोक विचारतात, हा काय कामाचा? पुष्कराज माणूस पाहून लाभतो, नाही मानवला तर उलटतो. माझा सुनेला कुणावर उलटत नाही. दळणारीनं घालावा, राणीनं घालावा. घरात ऊन आल्यासारखं वाटतं. एवढंच त्याचं काम, पण ते त्याच्या नावानं होऊ दे."

"मी नाव घेईन."

"डोंगरात खरं बोलणं सोपं असतं," यक्षीण म्हणाली. "इथे ऐकायला आहे कोण? जा. दगड तिच्या ओठांपर्यंत पोचला, की माझाही उपाय चालणार नाही."

रेणुमती परत कशी आली, ते तिचे तिलाच ठाऊक. भर दुपारी ती दरबारात शिरली तेव्हा चारुमती गळ्यापर्यंत स्फटिकाची झाली होती. नुसता चेहरा उरला होता, आणि अर्धी वेणी. तीही खालून जांभळी पडत चालली होती. चारुमतीने तिला पाहिले. बोलायला गेली, पण आवाज फुटला नाही.

सिंहासनाच्या उजव्या हाताला मारेकरी उभा होता. हळद्या येऊन थोरल्या राणीच्या चित्राच्या चौकटीवर बसला.

"पुष्कराज आणलात?" राजगुरूंनी विचारले.

रेणुमतीने मूठ उघडली. ऊन खड्यावर पडले आणि दरबारभर मधाचा उजेड सांडला. "पुष्कराज," लोक म्हणाले. एकाने म्हटले म्हणून दुसऱ्याने म्हटले. राजगुरूंनीही मान डोलावली. पिवळे दिसले, की झाले.

राजा मात्र सिंहासनावरून खाली आला. तिच्या हाताची पिवळी बोटे त्याने पाहिली आणि तो ओळखायचे ते ओळखून चुकला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "राणी, पुष्कराज म्हणा. लोकांना पटलंय. तुम्ही वाचाल. मी वाचेन. हेमकलेची अब्रू वाचेल."

"आणि चारू?"

राजाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले.

"असंच कानात सांगितलं होतंत ना, महाराज? मंडपात?"

जांभळा रंग हनुवटीवर आला. रेणुमतीने रिकाम्या कंठ्यात सुनेला बसवला आणि आपल्याच हाताने पुन्हा तोच फासा बांधला. गार दगडाला तिचा हात लागला. आपण चुकलो असू, तर ही पोर आत्ता, आपल्या हाताखाली जाणार. मग तिने दरबाराकडे तोंड केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतले:

आगीतून आला, उन्हात न्हाला, सोन्याची त्याला झाक,
सुनेला त्याचं नाव घेते, धाकटी आई माझी हाक.

राजगुरू ओरडले, "उपरत्न! हिनं उपरत्न आणलं!" लोक उठले. मारेकऱ्याने एक पाऊल पुढे टाकले.

चारुमतीला काहीच झाले नाही. जांभळा रंग तिच्या खालच्या ओठाच्या अगदी खाली थांबला होता, चढत नव्हता आणि उतरतही नव्हता. रेणुमतीने तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या कोणाकडे पाहायचे तिला कारणच नव्हते. मारेकऱ्याची सावली तिच्या पाठीवर पडली तरी ती वळली नाही.

तेव्हा खड्याच्या पोटातले ऊन हलले. ते कंठ्यातून गळ्यात उतरले, गळ्यातून खांद्यात, आणि जिथे जिथे उतरले तिथे जांभळा आधी पिवळा झाला, मग गव्हाळ झाला, मग नुसती कातडी झाली. हात सुटले. गुडघे सुटले. बोटे सुटली. पोर धपकन खाली बसली, कारण इतके दिवस उभी असल्याने तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तिकडे खड्यांच्या डोंगरात, नागाच्या ढिगाभोवतीची दगडी माणसेही डोळे चोळत आपापल्या घरी चालू लागली.

राजाने मुकुट काढून पायरीवर ठेवला. "राणी खरं बोलली," तो दरबाराला म्हणाला. "मी खोटं बोललो होतो, आणि ते हेमकलेच्या तोंडून वदवलं. तिचा दोष नव्हता." मारेकरी मागे सरला. राजा त्याच पावली अनवाणी डोंगराकडे निघाला, यक्षिणीची क्षमा मागायला. तिने क्षमा केली की नाही ते कोणाला कळले नाही, पण तो परत आला आणि त्यानंतर कोणाच्या कानात बोलला नाही. त्या राज्यात नवऱ्या अजूनही सुनेला लेतात आणि ठणठणीत आवाजात त्याचे नाव घेतात. शेजारचे राजे हसले. हसून हसून थकले आणि मग आपल्या राण्यांसाठी एकेक मागवून घेऊ लागले.

राजाने परतल्यावर दवंडी पिटवायला घेतली, की आजपासून रेणुमतीला थोरल्या राणीसाहेब म्हणावे.

"नको, महाराज," ती म्हणाली. "थोरली भिंतीवर आहे. तिचं तिला राहू द्या."

तिच्या हाताची अनामिका पुन्हा रक्तमांसाची झाली. करंगळी मात्र सुनेल्याचीच राहिली. ती परत करून द्यायला यक्षीण तयार आहे असा निरोप हळद्याने आणला म्हणतात, पण रेणुमती म्हणाली, असू दे.

शाप उतरला त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती सदरेवर बसली आणि चारुमती तिच्यापुढे पाठमोरी बसली. अर्धी वेणी अजून तशीच होती. रेणुमतीने तीन पेड हातात घेतले. केसांतून पिवळी करंगळी फिरली की पोरीच्या मानेवर उन्हाचा कवडसा पडे.

"धाकटी आई."

"काय गं?"

"काही नाही. हाक मारून बघितली."

हाक टोचली नाही. रेणुमतीने वेणी पुरी केली आणि टोकाला गाठ मारली. ज्याचे नाव त्याला मिळाले, ज्याचे घर त्याला मिळाले, आणि ही गोष्ट तिथेच सदरेवर उन्हात बसून राहिली.